जीपसाठी लाँग-आर्म किट घेताय? या चुका टाळा

लाँग-आर्म किट म्हणजे गाडी उंच करताना ॲक्सल चेसिसला जोडणारे मूळ दांडे (कंट्रोल आर्म) काढून जास्त लांब दांडे बसवायचा संच. त्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चार इंच घेऊ की सहा?" त्यामागोमाग किंमत. एवढ्या दोन आकड्यांवर किट ठरवलं की पुढच्या डोकेदुखीची सोय आपणच करून ठेवतो. उंची साध्या लांब स्प्रिंगनेही मिळते, स्प्रिंगला स्पेसर (जाड चकती) टाकूनही मिळते. लाँग-आर्मला जास्तीचे पैसे मोजायचे ते गाडी उचलल्यावर कंट्रोल आर्मचा जो कोन बिघडतो त्यासाठी.

हिशेब कागदावर करून बघा. रँग्लर टीजेच्या (१९९७ ते २००६) पुढच्या खालच्या आर्मची लांबी साधारण १६ इंच. मूळ उंचीला तो जवळपास आडवा असतो असं धरू. गाडी ४ इंच उचलली की आर्म खाली साडेचौदा अंशांनी कलतो. आता चाक खड्ड्यात आणखी ४ इंच उतरलं, तर कोन थेट ३० अंश होतो आणि तेवढ्या प्रवासात ॲक्सल सुमारे १.६ इंच मागे ओढला जातो. तोच आर्म ३२ इंचांचा असेल तर कोन ७ वरून साडेचौदा अंशांवर जातो आणि ॲक्सल जेमतेम पाऊण इंच सरकतो. उचललेली गाडी रस्त्यावरच्या साध्या उंचवट्यालाही ठोसा खाल्ल्यासारखी का वागते, ते इथे कळतं. आर्म तिरपा असला की चाकाला लागलेला धक्का स्प्रिंगकडे जायच्या आधी आर्ममधून सरळ चेसिसवर येतो.

म्हणूनच लिफ्ट अडीच-तीन इंचांची असेल तर लाँग-आर्मच्या वाटेला जाऊच नका. रँग्लरच्या पुढच्या पिढ्या जेके (२००७ ते २०१८) आणि त्यानंतरची जेएल यांचे मूळ आर्म टीजेपेक्षा बरेच लांब आहेत. तिथे मध्यम उंचीला चांगले ॲडजस्टेबल शॉर्ट-आर्म (साधारण मूळ लांबीचेच, पण लांबी बदलता येणारे), किंवा आर्मचं चेसिसकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट पुरतात. टीजे आणि जुनी जीप चेरोकी एक्सजे यांना मात्र ४ इंचांपासून फरक ठळक जाणवतो. सहा इंचांचं किट तितक्या मोठ्या टायरसाठी घ्यावं, रुबाबासाठी घेतलं तर गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

थारवाल्यांनी आधी आपल्या गाडीखाली वाकून बघावं

भारतातून हा प्रश्न हमखास येतो, म्हणून इथेच सांगून टाकतो. इथे ज्या किटबद्दल लिहितोय ती पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांची. पुण्याजवळ रांजणगावला २०२१पासून जोडली जाणारी रँग्लर त्यात बसते. २०२०ची थार बसत नाही, कारण तिला पुढे डबल विशबोनचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, सलग ॲक्सल फक्त मागे. पुढे लाँग-आर्म लावायला जागाच नाही. तिथे उंची वाढवली की पहिला जीव जातो सीव्ही जॉइंटचा (चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणारा सांधा). जिप्सीला पाटे आहेत, तिचं गणितच निराळं. जिमनीला दोन्हीकडे सलग ॲक्सल आणि कॉइल आहेत, पण पुढे रेडियस आर्म (ही रचना खाली समजावली आहे) असल्यामुळे गाडी उचलताच कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन, घटतो. तिथे आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. अमेरिकेत उंचीचे नियम राज्यागणिक बदलतात. तिथल्या मराठी मंडळींनी आपल्या राज्याचा नियम आणि विम्याची पॉलिसी दोन्ही वाचून मगच पाना हातात घ्यावा.

लिंकचा प्रकार न बघता किट घेणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जाहिरातीत सगळ्यांवर "लाँग-आर्म" असंच लिहिलेलं असतं, पण आत तीन वेगळ्या वस्तू असू शकतात.

रेडियस आर्मचं किट बहुतेक वेळा स्वस्तात मिळतं. यात वरचा आर्म चेसिसपर्यंत जातच नाही, तो खालच्या आर्मलाच जोडलेला असतो. चेसिसवर प्रत्येक बाजूला एकच ब्रॅकेट लागतो, त्यामुळे बसवायला सोपं. रस्त्यावर गाडी शांत, सरळ चालते. अडचण येते ती एक चाक वर आणि दुसरं खाली गेल्यावर. दोन्ही बाजूंचे आर्म ॲक्सलच्या नळीला उलटसुलट दिशांना पिळू पाहतात. नळी काही पिळली जात नाही, मग सगळा ताण बुशांवर (सांध्यांतल्या रबरी नळ्यांवर) येतो. बुश लवकर फाटतात आणि चाक जितकं खाली लोंबायला हवं तितकं लोंबत नाही. शिवाय ॲक्सल खाली गेला की तो आर्मबरोबर फिरतो आणि कॅस्टर कमी होतो.

थ्री-लिंकमध्ये खालचे दोन आर्म, वरचा एकच आणि सोबत ट्रॅक बार (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा). पिळवटण्याचा प्रश्न मिटतो, चाकं मोकळी हलतात. पुढच्या ॲक्सलसाठी मला हीच रचना आवडते. मात्र ब्रेक दाबल्यावर ॲक्सलला गरगर फिरवू पाहणारा सगळा जोर त्या एकट्या वरच्या आर्मवर येतो. त्याचा जॉइंट किती मोठा आहे, चेसिसकडच्या ब्रॅकेटची प्लेट किती जाड आहे आणि वेल्ड कुठे आहे, हे फोटो मोठा करून बघा. विक्रेता तो फोटो देत नसेल तर पुढच्या किटकडे वळा.

फोर-लिंक त्रिकोणी मांडणीत मागे झकास बसतं. वरचे दोन आर्म ॲक्सलच्या मध्याकडे जुळत येतात, तेच ॲक्सलला आडवं सरकू देत नाहीत आणि मागचा ट्रॅक बार काढून टाकता येतो. पुढे मात्र इंजिनचं ऑइल पॅन आणि एक्झॉस्ट आडवे येतात. त्यात ड्रॅग लिंकचं (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) स्टिअरिंग असेल तर सोबतीला ट्रॅक बार असलेलाच बरा.

पेटीत काय नाही, ते न विचारणं

दोन किटच्या किमतीत मोठा फरक दिसला की समजावं, एका पेटीत अर्धं सामान नाही. शॉकअप आहेत का? ॲडजस्टेबल ट्रॅक बार पुढचा-मागचा दोन्ही? गाडी वर गेली की ॲक्सल ट्रॅक बारच्या चेसिसकडच्या टोकाच्या दिशेने आडवा सरकतो, तो परत मध्ये आणायला ट्रॅक बारची लांबी बदलावीच लागते. लांब ब्रेक होज, स्वे बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक, बंप स्टॉप (चाक फार वर येऊ न देणारा ठोकळा)? बंप स्टॉप तर लोक विसरतातच. मग शॉकअप आतून तळाला आपटतो नाहीतर टायर फेंडर खातो.

खरा खड्डा प्रॉपेलर शाफ्टचा (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा). टीजेचा व्हीलबेस ९३.४ इंच, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड आणि थोडी उंची वाढली तरी त्याचा कोन झटकन वाढतो. रुबिकॉन ही आवृत्ती सोडून बाकी टीजेंच्या ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीला) मागे स्लिप योक, म्हणजे सरकता सांधा, असतो. चार इंचांच्या लिफ्टला तो काढून पक्का योक आणि डबल कार्डनचा (एका टोकाला दुहेरी क्रॉस असलेला) शाफ्ट बसवायची तयारी ठेवा. जेकेत पुढचा शाफ्ट तपासा. त्याच्या मूळ जॉइंटचं रबरी बूट लिफ्टनंतर फाटतं, आणि २०१२पासूनच्या ३.६ लिटर इंजिनच्या गाड्यांत तो शाफ्ट एक्झॉस्ट पाइपच्या फारच जवळ जातो. शाफ्टचा खर्च धरल्यावर "स्वस्त" किट पुष्कळदा महागडं ठरतं.

कापाकापीआधी चेसिस न ठोकून बघणं

बरीचशी पक्की किट जुने ब्रॅकेट कापून नवे वेल्ड करायला लावतात. ग्राइंडर एकदा फिरला की परतीची वाट बंद. टीजेची चेसिस आतून गंजते, विशेषतः मागच्या आर्मच्या ब्रॅकेटजवळ, आणि जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथली गाडी असेल तर जास्तच. हातोडीने इंच-इंच ठोकत जा. "ठण" आवाज आला तर ठीक, "थप्प" आला तर आधी पत्रा बदला. गंजलेल्या पत्र्यावर केलेलं वेल्डिंग दिसायला कितीही सुबक असलं तरी ते पत्र्यासकट उपटून येतं.

एक्सजेला तर वेगळी चेसिसच नाही, बॉडीलाच पातळ पत्र्याच्या पेट्या जोडलेल्या आहेत. तिथे लाँग-आर्मचा क्रॉसमेंबर बसवताना सोबत जाड पत्र्याच्या पट्ट्यांनी ती रेल मजबूत करून घ्यावी. हे काम "नंतर करू" म्हणून सोडलेल्या गाडीच्या बोल्टभोवती काही काळाने पत्र्याला केसासारखी चीर दिसते.

पोटाखालची जागाही याच वेळी मोजा. लांब आर्मचे मागचे ब्रॅकेट गाडीच्या मध्याजवळ येतात. काही किटमध्ये ते चेसिसखाली चक्क दोन-तीन इंच लोंबतात, म्हणजे वर कमावलेलं खाली गमावलं. अमेरिकेत यूटामधल्या मोआबच्या सलग खडकावर एक वेळ चालून जाईल, पण कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलच्या सुट्या धोंड्यांत तो ब्रॅकेट प्रत्येक धोंड्याला कवटाळत जातो.

बसवून झालं, आता गाडी कुरकुरतेय

साधारण ताशी ७० किलोमीटरला पुलाच्या जोडावर चाक आदळलं आणि स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं थरथरू लागलं, की लोक पहिलं काम करतात स्टिअरिंग डॅम्पर बदलण्याचं. नवा डॅम्पर लक्षण झाकतो, दुखणं तसंच राहतं. त्याऐवजी गाडी चाकांवर उभी ठेवा, घोडीवर (जॅक स्टँडवर) नको. पार्किंग ब्रेक लावून इंजिन चालू करा आणि एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं झटकायला सांगा. तुम्ही खाली झोपून ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने बोटं ठेवा, निम्मी ब्रॅकेटवर, निम्मी बारवर. बार हलतो आणि ब्रॅकेट हलत नाही असं बोटांना जाणवलं, की चोर सापडला. मग बोल्ट काढून भोक बघा. गोल भोक अंडाकृती झालेलं असेल तर बोल्ट कितीही आवळला तरी आठवड्याभरात पुन्हा ढिला होणार. तिथे बरोबर मापाचा जाड वॉशर वेल्ड करून घ्यावा लागतो किंवा ब्रॅकेट बदलावा लागतो. जेकेत ट्रॅक बारचा बोल्ट १२५ फूट-पाउंडला आवळायचा असतो. हाताच्या अंदाजाने तो तिथवर जात नाही, टॉर्क रेंच वापरा. ट्रॅक बार निर्दोष निघाला तर बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, टायरचं बॅलन्सिंग, या क्रमाने पुढे जा.

गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही: कॅस्टर कमी आहे. टीजेला मूळचा सुमारे ७ अंश असतो. वरचे आर्म आखूड किंवा खालचे लांब करून तो वाढवता येतो, पण तसं करताना पुढचा पिनियन (ॲक्सलचा शाफ्ट जोडायचा दांडा) खाली झुकतो आणि शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्ही मनासारखं मिळत नाही. चालवण्यातली सुरक्षितता आधी, म्हणून मी कॅस्टरच्या बाजूने झुकतो आणि शाफ्टची तेवढी कुरकुर ऐकून घेतो.

स्पीडबरोबर वाढणारी धडधड मागून येत असेल तर पिनियनचा कोन तपासा. दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असलेल्या शाफ्टला पिनियन ट्रान्स्फर केसच्या आउटपुटला समांतर हवा. डबल कार्डन असेल तर पिनियन थेट शाफ्टकडे रोखलेला, अंश-दोन अंश खाली, कारण ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो वर उचलला जातो. स्वस्तातलं डिजिटल कोनमापक यासाठी पुरेसं आहे.

खड्ड्यात चाक गेल्यावर स्टिअरिंग आपोआप वळतं? ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक समोरून बघा, दोन्ही समांतर असायला हवेत. नुसता ड्रॉप पिटमन आर्म (ड्रॅग लिंकचं स्टिअरिंग बॉक्सकडचं टोक खाली आणणारा) टाकून ट्रॅक बार तसाच ठेवला की हा आजार होतो.

खडखड आवाज आला की बहुतेक वेळा आर्मवरचा जॅम नट (आर्मची लांबी पक्की धरणारा) सुटलेला असतो. आवळल्यावर नटापासून आर्मपर्यंत पांढऱ्या पेंट पेनने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी वाकून बघितलं की रेघ तुटलेली आहे का ते लगेच दिसतं. आवाज करकर असा असेल तर जॉइंट कोरडा पडलाय. जॉनी जॉइंटला (आर्मच्या टोकाचा, सगळीकडे फिरणारा गोल जॉइंट) ग्रीस निपल असतो, चिखलपाण्यातून आल्यावर तिथे ग्रीस मारा. दोन्ही टोकांना उघडे लोखंडी हाइम जॉइंट असलेली किट मी रोजच्या गाडीला सुचवत नाही. ती लवकर झिजतात आणि रस्त्यावरची बारीकसारीक थरथर केबिनमध्ये आणून सोडतात.

रबरी बुश वर्षाच्या आत फाटले तर बसवणाऱ्याला विचारा, बोल्ट कधी आवळले होते. गाडी घोडीवर आणि ॲक्सल लोंबत असताना आवळले असतील तर गाडी खाली उतरताच बुश कायमचे पिळलेले राहतात. बोल्ट हाताने लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बंपरवर उभं राहून दोनदा दाबायची आणि मग आवळायचे.

चढणीवर मागचं टोक उचललं जाऊन चाकं उड्या मारत असतील तर मागच्या लिंकची भूमिती चुकलीय. वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा फार जवळ, जास्त तिरप्या होऊन मिळतात तेव्हा ॲक्सिलरेटरचा जोर गाडी पुढे न्यायच्या ऐवजी मागचा भाग वर ढकलण्यात जातो. ब्रॅकेटवर दोन-तीन भोकं दिलेली असतील तर वरच्या आर्मचं चेसिसकडचं टोक एक भोक वर घ्या. मग त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये आणि टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून पुन्हा बघा. आर्म हलवला की पिनियनचा कोनही हलतो, तो परत मोजायचा आहे.