ड्यूटेरियममधला न्यूट्रॉन आणि माझे चार महिने

फोटॉनच्या झोताने प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या उत्तेजित अवस्था अभ्यासायच्या, असे ठरवणाऱ्या आपल्या खानदेशातील विद्यार्थ्यांशी मी आधी न्यूट्रॉनविषयी बोलतो. त्यांतली पहिली, म्हणजे डेल्टा अवस्था तुम्ही एमएस्सीला शिकलेलेच असता. मी मूळचा रावेरचा, पीएच.डी.ला मला ईटा मेसॉन या अल्पजीवी कणाच्या निर्मितीचा डेटा मिळाला आणि त्यातच मी अडकलो.

प्रोटॉनसाठी द्रव हायड्रोजन वापरता येतो. मुक्त न्यूट्रॉन मात्र सरासरी 15 मिनिटांतच क्षय पावतो, म्हणून ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेल्या अणुकेंद्रातला न्यूट्रॉन घ्यावा लागतो, आणि तो तिथे एका जागी थांबलेला नसतो, सतत हलत असतो. न्यूट्रॉनवरील ईटानिर्मितीच्या आलेखात, फोटॉन आणि न्यूट्रॉनची मिळून एकूण ऊर्जा (त्यांच्या वस्तुमानकेंद्राच्या चौकटीतली) 1,670 ते 1,680 एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) आसपास असते तिथे, एक अरुंद उंचवटा दिसतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगाने तो 2007 मध्ये प्रसिद्ध केला, पुढे जर्मनीतल्या बॉन आणि माइन्झ येथेही तो दिसला. त्याच्या कारणावर वाद आहे. माझ्या आलेखात तिथे नुसता पसरट फुगवटा होता. मी शोधकाला (कण टिपणाऱ्या डिटेक्टरला) दोष दिला आणि त्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) दोनदा नव्याने केले. चूक वेगळीच होती: आधीच्या विद्यार्थ्याकडून घेतलेला तयार प्रोग्राम हायड्रोजनसाठी लिहिलेला होता आणि न्यूट्रॉन हलतच नाही असे धरत होता.

रावेरच्या फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी आठवा. गाडी जवळ येताना ती चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. फोटॉनच्या दिशेने धावणाऱ्या न्यूट्रॉनलाही फोटॉनची ऊर्जा जास्त भासते. 1,000 एमईव्हीचा फोटॉन असेल आणि न्यूट्रॉनचा संवेग झोताच्या विरुद्ध केवळ 50 एमईव्ही प्रति सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग) असेल, तरी एकूण ऊर्जा सुमारे 30 एमईव्हीने वर सरकते. त्या उंचवट्याची रुंदीही साधारण तेवढीच आहे, म्हणजे तो पुसला जाणारच.

उपाय असा: टॅगरने (प्रत्येक फोटॉनची ऊर्जा नोंदवणाऱ्या उपकरणाने) दिलेल्या फोटॉनच्या ऊर्जेवरून थेट हिशेब करू नका. ईटाची ऊर्जा आणि दिशा मोजलेली असते, न्यूट्रॉनची फक्त दिशा; त्याची गतिज ऊर्जा आणि उरलेल्या प्रोटॉनच्या संवेगाचे तीन घटक अशी चार अज्ञाते राहतात. ऊर्जा-संवेग अक्षय्यतेची समीकरणेही चारच आहेत. ती सोडवा आणि बाहेर पडलेल्या ईटा-न्यूट्रॉन जोडीवरून एकूण ऊर्जा काढा. पाचव्या महिन्यात त्याच डेटात मला तो उंचवटा दिसला.

तयार प्रोग्राम घेऊच नका, असे माझे ठाम मत आहे. पहिला प्रोग्राम स्वतः लिहा, मग तो महिनाभर रखडला तरी चालेल. मार्गदर्शकाचे शोधनिबंध मोजण्यापेक्षा तो तुमच्या आलेखासमोर तासभर बसतो का, ते पाहा. इंग्रजी अडेल, त्याने घाबरू नका. माझेही पहिले वर्ष तसेच गेले आणि ते भरून निघाले. मात्र ड्यूटेरियममधल्या प्रोटॉनवर हीच पद्धत चालवून तिचे उत्तर मुक्त हायड्रोजनच्या उत्तराशी ताडून पाहिल्याशिवाय न्यूट्रॉनचा एकही आलेख कोणाला दाखवू नका.