शरद ऋतूचा सल्ला: साल्मनच्या पिंजऱ्यातले सफाई मासे हिवाळ्यात जगवण्यासाठी

सप्टेंबर सरता सरता नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आणि स्कॉटलंडच्या खाड्यांतले पाणी थंडावू लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते सर्वांत गार असते. समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेल्या साल्मनचे त्यात फारसे बिघडत नाही. त्याच पिंजऱ्यात साल्मनच्या अंगावरच्या उवा (माशांना लागणारे बारीक परजीवी) वेचून खाण्यासाठी सोडलेल्या सफाई माशांना मात्र हे महिने कठीण जातात. तिकडे पिंजऱ्यांवर काम करणाऱ्या मराठी मंडळींनी आणि या कामाची तयारी करणाऱ्या मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टींकडे आताच लक्ष द्यावे.

उवांचा प्रश्न खरा आहे. साल्मनची ऊ त्याची त्वचा आणि रक्त खाते, जखमा करते, आणि आसपासच्या जंगली साल्मनलाही लागते. म्हणून नॉर्वेत एका माशामागे सरासरी ०.५ पूर्ण वाढलेल्या मादी उवांची मर्यादा आहे. वसंतात, जंगली पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा, ती ०.२ वर येते. औषधांना उवा दाद देईनाशा झाल्या तशी सफाई माशांची मागणी वाढत गेली आणि २०१९ साली तिथे सुमारे ६ कोटी मासे पिंजऱ्यांत सोडले गेले. २०१८-१९ मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा यंत्रणेने खास तपासणी मोहीम घेतली, तेव्हा नोंदलेली मरतूकच ४० टक्क्यांच्या आसपास होती. शंभर शेळ्यांतल्या चाळीस दगावल्या तर कोणता शेतकरी शांत झोपेल? शिवाय लहान मेलेला मासा पाण्यात लवकर कुजतो, जाळीच्या तळाशी सापडतही नाही. म्हणजे खरी मरतूक नोंदीपेक्षा जास्तच धरावी.

पहिला निर्णय जातीचा. रॅस कुळातले मासे, म्हणजे बॅलन, गोल्डसिनी, कॉर्कविंग, हे उबदार पाण्यात कामाचे. पाणी १० अंशांच्या खाली गेले की त्यांची हालचाल मंदावते. ६ अंशांच्या आसपास गोल्डसिनी तर कपारीत जवळजवळ निपचित पडून राहतो. तो तेव्हा उवा खाणार नाही, आणि लाटांच्या माऱ्यापासून स्वतःला वाचवूही शकणार नाही. म्हणून ऑक्टोबरनंतर नवे रॅस सोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरवठादार देतो म्हणून घेऊ नका. पकडलेले जंगली मासे हिवाळ्याच्या तोंडावर पिंजऱ्यात टाकणे म्हणजे त्यांना मरायला सोडणे.

लम्पफिशचे उलट आहे. तो थंड पाण्याचा मासा, ४-५ अंशांतही खातो आणि फिरतो. १५ अंशांच्या वर तो थकतो, त्याहून गरम पाण्यात रोगांना पटकन बळी पडतो. त्यामुळे त्याला सोडण्याची घाई उन्हाळ्याच्या शेवटी करू नका, पाणी पुरेसे उतरू द्या. मासे २० ते ३० ग्रॅमचे, लस दिलेले असावेत आणि लस मुरायला पुरेसा अवधी मिळालेला असावा. सोडण्याआधी जाळीच्या डोळ्याशी (छिद्राशी) त्यांचे आकारमान ताडून पाहा. सर्वांत लहान मासा डोळ्यात अडकत असेल तर तो गट परत पाठवा, सरासरी वजनावर विसंबू नका. लम्पफिशच्या पोटाखाली चिकटण्याची चकती असते. ती वाकडी किंवा अपुरी असलेला मासा आडोशाला धरून राहू शकत नाही, त्यामुळे पोहून पोहून दमतो. असे मासे मोजून बाजूला काढा.

आडोसा हा या हंगामातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि सर्वांत जास्त हयगय इथेच होते. लम्पफिश कमकुवत पोहणारा आहे. वाहत्या पाण्यात त्याला चिकटायला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. रॅस रात्री कपारीत झोपतात. दोघांसाठी प्लास्टिकच्या कृत्रिम केल्पचे (लांब पानांच्या समुद्री शेवाळाचे) पडदे लावतात. ते पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात न कोंबता प्रवाहाच्या आडोशाला, उवा लागलेले साल्मन जिथून फिरतात त्याच्या जवळ पसरावेत. वादळाचा अंदाज असेल तर पडदे खोल सोडावेत, कारण वरच्या थरातली लाट लहान माशांना जाळीवर आपटते. साफसफाईसाठी सगळे पडदे एकाच दिवशी काढू नयेत. अर्धे ठेवून अर्धे धुवावेत. पडदे वर घेताना घाई नको. रॅसची हवेची पिशवी बंद असते, झटकन वर ओढला की ती फुगते आणि मासा आतून फाटतो. लम्पफिशला ही पिशवीच नसते, पण त्यालाही हवेत लटकत ठेवू नका.

जाळीवर शेवाळ आणि शिंपले वाढले की सफाई मासे तेच खात बसतात आणि उवांकडे पाहत नाहीत. म्हणून थंडी वाढण्याआधी जाळी स्वच्छ करून घ्या.

आता खाद्य. ‘उपाशी ठेवला की उवा जास्त खाईल’ हे तुम्हाला धक्क्यावर ऐकायला मिळेल. ते मनातून काढून टाका. उवा हे सफाई माशाचे पोट भरण्याइतके अन्न नव्हे, आणि उवा कमी असल्या तर तो अक्षरशः उपाशी मरतो. अशक्त मासा आधी आजारी पडतो. लम्पफिशला त्याच्या तोंडात मावेल असे वेगळे खाद्य, आडोशाजवळ, उजेड असताना थोडे थोडे द्यावे. रॅसला पोट म्हणजे जठर नसतेच, अन्न सरळ आतड्यात जाते. म्हणून त्याला दिवसातून एकदाच भरपूर देण्यात अर्थ नाही. खाद्याच्या विटा टांगल्या तर तो दिवसभर टोचत राहतो. नोव्हेंबरनंतर दिवस फार लहान होतो, हे मासे डोळ्यांनी शोधून खातात, तेव्हा खाद्य टाकणाऱ्या यंत्राच्या वेळा दर पंधरा दिवसांनी बदलत जा.

दर आठवड्याला काही मासे हातजाळीने काढून पाहावेत: पर झिजलेत का, अंगावर व्रण आहेत का, डोळ्यात मोतीबिंदू दिसतो का, वजन लांबीच्या मानाने उतरतेय का. रोज मेलेले मासे काढा आणि जातीनुसार वेगळे मोजा. मरतूक अचानक वाढली तर पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा. फ्युरन्क्युलोसिस, व्हिब्रिओसिस, पाश्चुरेला हे जिवाणूंचे रोग आणि कल्ल्यांवरचा अमिबा बाहेरून पाहून ओळखता येत नाहीत.

उवा काढण्यासाठी कोमट पाण्याची, दाबाच्या पाण्याची किंवा गोड्या पाण्याची फेरी ठरली असेल तर सफाई मासे आधी बाहेर काढा. साल्मन ज्यातून निभावतो, त्यात हे मरतात. पडदे आणि सापळे लावून मासे काढायला वेळ लागतो, त्यामुळे उवा काढण्याचे यंत्र घेऊन बोट येण्याच्या आदल्या दिवशी जागे होऊन उपयोग नाही. साल्मन ओढून घेणाऱ्या पंपातून सफाई मासे गेले तर ती चूक नियोजनाची समजावी.

साल्मन काढणीला गेले की उरलेल्या सफाई माशांनाही वाऱ्यावर सोडू नये. रोगप्रसाराच्या धोक्यामुळे ते दुसऱ्या ठिकाणी हलवण्याआधी पशुवैद्याचे मत घ्यावे. मारायचेच असतील तर भूल देणाऱ्या औषधाची जादा मात्रा किंवा डोक्यावर नेमका फटका वापरावा. उघड्या पेटीत गुदमरायला ठेवू नयेत. सोडलेले, काढलेले, मेलेले आणि न सापडलेले, असा हिशेब त्याच दिवशी वहीत मांडा, आणि न सापडलेले जास्त असतील तर पुढच्या मोसमाची मागणी नोंदवण्यापूर्वी त्याचे कारण शोधा.