सोपानाच्या सहीची घाई: स्काउट शिक्षकांनो, या चुका टाळा

स्काउटमधल्या परीक्षांच्या पायऱ्या अशा: प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. मुलं ही चढण हौसेने चढतात. गडबड होते ती आपल्याकडून, मुलाला ते येतं अशी सही करणाऱ्यांकडून.

सगळ्यात घातक सवय म्हणजे शिकवलं त्याच दिवशी परीक्षा घेणं. सकाळी स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे आडवा-उभा बांबू दोरीने एकमेकांना बांधणं, दाखवायचं, दुपारी मुलाने करून दाखवलं की सही ठोकायची. एका शिबिरात बाहीवर द्वितीय सोपानाचा बॅज असलेल्या मुलांनी चुलीवर बांबूचं स्टँड बांधलं. सुरुवातीची क्लोव्ह हिचची गाठ होती, वेढेही होते. पण दोन बांबूंच्या मधून दोरी आवळणारे फ्रॅपिंगचे वेढे कुणी घातलेच नव्हते. लांबून बांधणी झकास दिसत होती. उकळत्या वरणाचं पातेलं टांगल्यावर आडवा बांबू सरकत खाली आला आणि पातेलं चुलीत कलंडलं. लाकडं सारणारा मुलगा पाणी आणायला उठला होता म्हणून वाचला. त्यांच्या शिक्षकांनी झापलं मात्र पोरांनाच. मला अजून त्याचा राग येतो. त्या पोरांना लॅशिंग येतं, असं लिहून त्यांनीच तर दिलं होतं.

मी शिकवल्यावर महिनाभर त्या गाठीचा विषय काढत नाही. मग एखाद्या दिवशी खेळ थांबवून दोरी हातात देतो आणि सांगतो, "या नवीन पोराला शिकव." न अडखळता शिकवलं, तर सही.

दुसरी चूक, अख्ख्या पथकाला एकाच तारखेला पुढच्या सोपानात ढकलणं. पालकांना दहावीच्या सवलतीच्या गुणांची घाई, शाळेला यादीची. यात बडबडं पोर पुढे जातं आणि गप्प राहून सगळी भांडी घासणारं मागे राहतं. म्हणून मी आधी संघनायकाला, म्हणजे पथकातल्या छोट्या गटाच्या म्होरक्या पोराला विचारतो. हाइकला कोण कसं वागतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

गणवेश कडक आहे म्हणून सोपान देऊ नका. एकदा मस्ती केली म्हणून अडवूही नका. प्रथमोपचाराची व्याख्या ऐकू नका, त्रिकोणी पट्टी हातात द्या.

एखाद्या कौशल्यासाठी मिळणाऱ्या प्रावीण्य पदकासाठी मुलाने किती मेहनत घेतली तेच पाहावं, असं स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल मानत. बागकाम, हस्तकलेत मीही तेच पाहतो. बोलाइनच्या, म्हणजे माणसाला दोरीने वाचवताना छातीभोवती बांधायच्या गाठीच्या बाबतीत नाही. ती चुकीची बांधून फास सरकला, तर दोरी ज्याच्या छातीभोवती आहे त्याचा श्वास आवळतो.

ज्याचं राहिलं त्याला "अजून सराव कर" एवढंच सांगून पाठवू नका. अशी पोरं हळूच पथक सोडतात. नेमकं काय चुकलं ते दाखवा, आणि पुन्हा कधी बघणार ती तारीख त्याच्या समोरच वहीत लिहा.