कोण किती श्रीमंत? मोजताना या चुका टाळा

स्थळ बघायला गेलं की चहा येईपर्यंत ‘शेती किती?’ हा प्रश्न येतोच. बँकेत पगाराची स्लिप मागतात, तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला लागतो आणि सर्वेक्षणवाले दारात आले की फ्रिज आहे का, चारचाकी आहे का. घर एकच, मापं चार, आणि पुरतं एकही नाही. तरी त्यातलंच एखादं धरून आपण समोरच्याला ‘मोठी पार्टी’ ठरवतो, त्याला जामीन राहतो, मुलगीही देतो.

आवक पाहून साठा ठरवणे

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. खरं तर सोलापूरकरांनी ती करायलाच नको, कारण पावसाळाभर आपण उजनीची आवक आणि उजनीचा साठा वेगवेगळा वाचत असतो. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, पण त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळातलं सहज न सोडता येणारं पाणी. उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली गेलं की टक्केवारी ‘वजा’त जाते. घराचा हिशेबही असाच मांडा. पगार, उसाचं बिल, भाडं ही आवक. घर, जमीन, सोनं, ठेवी यांच्या आजच्या किमतीतून सगळी देणी वजा केली की उरतो तो साठा. त्यातलं राहतं घर म्हणजे मृतसाठा, गरजेला लगेच उपसता येत नाही.

समजा, होटगी रोडला ३५ लाखांचा फ्लॅट आहे, त्यावर २९ लाखांचं कर्ज. गाडी आज विकली तर ५ लाख येतील, तिचं कर्ज ६ लाख बाकी. पगार महिना ६० हजार. सगळं विकून, फेडून हातात उरणार ५ लाख. दुसरीकडे कुंभारीच्या घरकुलात विड्या वळणारी बाई. घर तिच्या नावावर, किंमत समजा ८ लाख, अंगावर दोन तोळे, कर्ज शून्य. साठ्यात ती त्याच्या वर. म्हणून तिला श्रीमंत म्हणायचं? नाही. तिची आवक तुटपुंजी आहे आणि बोटं दुखायला लागली की तीही आटते. म्हणून दोन्ही आकडे लागतात, आणि तिसरा प्रश्न: उद्या काम थांबलं तर घर किती महिने चालेल? माझा सगळ्यात जास्त भरवसा या तिसऱ्यावर आहे.

एकर ऐकून खूश होणे

मंगळवेढ्याची पाच एकर कोरडवाहू ज्वारी आणि पंढरपूरकडची पाच एकर द्राक्षबाग यांना एकच माप कसं लागेल? सरकारही ही गफलत करतं. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणात ५ एकर किंवा जास्त शेती असली की कुटुंब अपात्र, मग तिथे पाणी असो वा नसो. बागायतीचंही खात्रीने सांगता येत नाही. सांगोल्यात तेल्या, मर या रोगांनी आणि खोडकिडीने डाळिंबाच्या बागांची काय दशा केली ते आपण पाहिलंय.

उपाय साधा आहे, सातबारा उघडा. ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा दिसतो. मग खातेदारांची नावं मोजा. चार भाऊ, दोन बहिणी आणि वाटणी झालेली नसेल, तर ‘आमची वीस एकर’ यातला ‘आमची’ किती जणांचा ते कळतं. सुनेच्या नावावर काय आहे, हेही विचारा. बंगल्यात राहणाऱ्या बाईच्या नावावर कित्येकदा काहीच नसतं.

आणि कोणत्या महिन्यात मोजताय तेही बघा. उसाचं बिल नियमाने १४ दिवसांत मिळायला हवं. ते रखडलं की तोच शेतकरी उधारीवर खत आणताना दिसतो.

सरासरीवर विसंबणे

२०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार भारतातल्या शहरी कुटुंबाची सरासरी मालमत्ता २७.१७ लाख रुपये होती. ऐकायला बरं वाटतं. पण वरच्या १० टक्के कुटुंबांकडे एकूण शहरी मालमत्तेतला ५५.७ टक्के हिस्सा होता, खालच्या निम्म्यांकडे ६.२ टक्के. भागाकार करून बघा: वरच्यांची सरासरी दीड कोटीच्या आसपास, खालच्या निम्म्यांची साधारण ३ लाख ३७ हजार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या पेठेची ‘सरासरी’ कुणी सांगितली, तर मधल्या घराचा आकडा, म्हणजे मध्यक, मागा.

२०२५ मध्ये ‘समानतेत भारत जगात चौथा’ अशी बातमी फिरली. तिच्यातला २५.५ हा गिनी निर्देशांक (विषमतेचं माप, जितका कमी तितकी समानता जास्त) खर्चावर काढलेला होता. कोट्यधीश माणूस खाऊन-पिऊन किती खर्च करणार? त्याची संपत्ती या मापात शिरतच नाही. उत्पन्न, खर्च, संपत्ती यांपैकी कशाची विषमता मोजलीय, हे विचारल्याशिवाय असा आकडा पुढे पाठवू नये.

वस्तू मोजून वर्ग ठरवणे

बाजारपाहणीवाले कर्त्या माणसाचं शिक्षण आणि ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत यावरून ए-वन ते ई-थ्री अशी वर्गवारी लावतात. कुणाला काय विकता येईल हे शोधायला ती ठीक आहे. पण फ्रिज हप्त्यावर घेतला की रोख, हे तिला कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा संपत्ती निर्देशांकही घर आणि वस्तूंवरच उभा आहे. त्यातला ‘सर्वात श्रीमंत’ गट म्हणजे फक्त वरचे २० टक्के. रुपयांत किती, ते त्यातून निघत नाही.

रेशनकार्डाच्या रंगावर तर जाऊच नका. स्वस्त धान्य मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंब’ गटासाठी शहरात वार्षिक ५९ हजार आणि गावात ४४ हजार ही उत्पन्नाची मर्यादा आहे. ती धान्य कुणाला द्यायचं हे ठरवते. तिच्या वरचा प्रत्येक जण सुखवस्तू असता तर काय हवं होतं!

वहीतलं येणं जमेला धरणे

हे खास अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीसाठी. यंत्रमागवाला सूत उधारीवर उचलतो, टॉवेलही उधारीवर देतो. कारखान्यात माग धडधडतात, वहीत ४० लाख येणं दिसतं. त्यातलं तीन महिन्यांच्या आतलं किती आणि वर्षापूर्वीचं किती, हे वेगळं काढा. जुनं येणं निम्म्याने धरा, ज्या व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलंय त्याचं शून्य. सूतवाल्याचं देणं मात्र पुरतं धरा, तो सोडत नाही.