लॉच्या आधी नोकरी सोडताय? राजीनाम्याची तारीख आधी ठरवा

नागपुरात लॉ करायचं ठरवलंत आणि सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) पेपर बरा गेला म्हणून त्याच आठवड्यात राजीनामा टाकू नका. तीन वर्षांच्या एलएलबीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या लांबतात आणि तोवर पगार बंद झालेला असतो.

जागा मिळेपर्यंत थांबणंही तितकंच अंगलट येतं. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सेमिस्टर किमान 15 आठवड्यांचं आणि प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी. म्हणजे बुडवायला फार तर साडेचार आठवडे. 60 दिवसांची नोटीस साडेआठ आठवडे खाते. म्हणून अंतिम गुणवत्ता यादी लागली आणि हव्या त्या कॉलेजचा मागच्या वर्षीचा कटऑफ आरामात पार होत असला, की लगेच राजीनामा द्या. काठावर असाल तर पहिल्या फेरीपर्यंत थांबा, पण उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून सुटायची तयारी ठेवा. ती रक्कम मूळ पगारावर मोजतात की पूर्ण पगारावर, हे नेमणूकपत्रात असतं. शिल्लक रजा नोटिशीत वळती होईल का, हे एचआरकडून ईमेलवर घ्या. "हो जायेगा" धरून चालू नका.

कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःच्या नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून आजारपणाचा दावा चालत नाही, म्हणून ती 40 दिवस आधी काढा. पीएफला शक्यतो हात लावू नका: सलग 5 वर्षं नोकरी झाली नसेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या जमेनंतर 2 महिन्यांनी यूएएन (पीएफच्या) पोर्टलवर ती स्वतः भरता येते.

पदवी नागपूर विद्यापीठाची नसेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा (आधीचं विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याचा) अर्ज नोकरीत असतानाच करा. ऐनवेळी सगळं अडतं ते याच कागदापायी.

आता खरी सुटी. तीन-चार आठवडे पुरे, त्याहून लांबली की पैसा आणि शिस्त दोन्ही गळतात. मे महिन्यात घेतलीत तर दुपार कूलरपुढेच जाईल, शिवाय कोर्टांनाही उन्हाळी सुटी असते. जून सरता सरता घेतलीत तर सकाळी 11 वाजता सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. सुनावणी खुली असते, पास लागत नाही. फोन बंद, मागचा बाक. एकाच कोर्टात सलग चार दिवस बसा. बहुतेक प्रकरणांत नुसती पुढची तारीख पडते, हेही बघण्यासारखं आहे.

पुस्तकं एवढ्यात घेऊ नका. घ्यायचंच तर भारतीय न्याय संहितेचं बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) घ्या. बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) जुनं पुस्तक स्वस्तात मिळेल, पण त्यावर 'भारतीय दंड संहिता' असेल तर परत ठेवा: खुनाच्या शिक्षेचं कलम आता 302 नाही, 103 आहे. कोर्टात मात्र 302 अजून कानावर येईल, कारण 1 जुलै 2024 च्या आधीचे गुन्हे जुन्याच कलमांखाली चालतात.