४८० हवे, मिळतात १२: मायक्रोकंट्रोलरवर हाय-स्पीड यूएसबी चालवताना या चुका टाळा

जिनिंगच्या मोटरचं कंपन मोजायचंय. आठ चॅनेल, १६ बिट, प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला १ लाख नमुने, म्हणजे सेकंदाला १६ लाख बाइट. फुल-स्पीड यूएसबीवर (सेकंदाला १२ मेगाबिट) बल्क ट्रान्स्फर, म्हणजे मोठा डेटा पाठवायची पद्धत, अगदी कागदावरसुद्धा १२,१६,००० बाइटच्या वर जात नाही. इथे हाय-स्पीड (४८० मेगाबिट) लागणारच. पण कपाशीच्या वावरातला ओलावा दर १५ मिनिटांनी नोंदवायचा असेल तर ४८० मेगाबिटच्या नादी लागूच नका. फुल-स्पीड दोन थरांच्या साध्या बोर्डावर चालतो आणि खालच्या निम्म्या भानगडी उरतच नाहीत.

'यूएसबी २.०' वाचून चिप मागवणे

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. यूएसबी २.० हे मानक २००० साली आलं आणि त्यात १.५, १२ व ४८० मेगाबिट हे तिन्ही वेग बसतात. त्यामुळे डेटाशीटवरच्या '२.०' वरून वेग कळत नाही. आरपी२०४०, ईएसपी३२-एस३, एसटीएम३२एफ१०३ हे तिघेही फुल-स्पीडच आहेत.

एसटीएम३२एफ४०७ त्याहून फसवा. त्यातल्या एका पेरिफेरलचं नावच ओटीजी-एचएस आहे, पण आतला फाय (तारांवर प्रत्यक्ष सिग्नल देणारा-घेणारा भाग) फक्त १२ मेगाबिटचा. ४८० हवे असतील तर यूएसबी३३०० सारखा बाहेरचा यूएलपीआय फाय जोडावा लागतो (यूएलपीआय म्हणजे चिप आणि फाय जोडायची ठरलेली पद्धत). एसटीएम३२एच७४३ चंही तेच. एचएस फाय चिपच्या आतच हवा असेल तर एसटीएम३२एफ७२३, सीएच३२व्ही३०७, ईएसपी३२-पी४ किंवा टीन्सी ४.१ वरचा आयएमएक्स आरटी१०६२ बघा. तालुक्याच्या गावी पार्सल यायला दिवस जातात, म्हणून ऑर्डर देण्याआधी डेटाशीटमध्ये 'ऑन-चिप हाय-स्पीड फाय' असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. ते सापडलं नाही तर तो फाय नाही असंच धरा.

वेग न पाहताच कोड बदलत बसणे

लिनक्सवर केबल लावून 'डीमेसेज' (dmesg) ही कमांड देऊन बघा. 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' आलंय का 'न्यू फुल-स्पीड', हे पहिल्याच ओळीत कळतं. 'एलएसयूएसबी -टी' (lsusb -t) दिलं की ४८०एम किंवा १२एम असा आकडाच दिसतो. पुढचा शोध त्यावर ठरतो.

काहीच दिसत नसेल तर केबल बदला. मोबाइलच्या दुकानातल्या बऱ्याच स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच. त्यानंतर व्हीबस (यूएसबीची ५ व्होल्टची तार) आणि क्रिस्टल (चिपच्या घड्याळाचा स्फटिक) तपासा. हाय-स्पीडला घड्याळाची चूक ±५०० पीपीएमच्या (दहा लाखांत ५०० च्या) आत लागते. चिपमधला आरसी ऑसिलेटर साधारण एक टक्क्याचा, म्हणजे १०,००० पीपीएमचा, आणि मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये तो आणखी सरकतो. क्रिस्टलला पर्याय नाही.

डिव्हाइस दिसतंय पण १२ वरच थांबलंय, तर चर्प, म्हणजे हाय-स्पीड ठरवणारी सुरुवातीची देवाणघेवाण, फसला. रीसेटच्या वेळी डिव्हाइस किमान १ मिलिसेकंद 'के' सिग्नल देतं, होस्ट (कॉम्प्युटर) त्याला 'के-जे' जोड्यांनी उत्तर देतो, मग डिव्हाइस डी-प्लसवरचा १.५ किलोओहमचा पुल-अप काढून दोन्ही तारांवर ४५ ओहमचं टर्मिनेशन लावतं. हे सगळं फाय स्वतः करतो. फुल-स्पीडच्या सवयीने बाहेरून पुल-अप किंवा २२ ओहमचे रेझिस्टर लावले असतील तर काढा. कोडमध्ये वेग 'फुल' ठेवलेला नाही ना, आणि मध्ये जुना हब नाही ना, हेही बघा.

'एरर -७१' पुन्हा पुन्हा येत असेल तर बहुतेक वेळा सिग्नलच खराब असतो. डी-प्लस, डी-मायनस ही जोडी ९० ओहम डिफरेन्शियल हवी, लांबी सारखी, खाली अखंड ग्राउंड. १.६ मिमीच्या दोन थरी बोर्डावर ९० ओहम आणणं अवघड, म्हणून चार थर घ्या. दोन थरच परवडत असतील तर चिप कनेक्टरला चिकटवून ठेवा. व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा साधा टीव्हीएस डायोड दहा-वीस पिकोफॅरड लादतो. १ पिकोफॅरडच्या आतला घ्या. फायचा बायस रेझिस्टर १ टक्क्याचाच हवा, यूएसबी३३०० ला १२ किलोओहम. यूएलपीआयच्या बारा तारा ६० मेगाहर्ट्झवर चालतात, तिथे ब्रेडबोर्ड आणि जंपर विसरा. चालले तरी हात लागला की बंद पडतील.

६४ तसाच राहणे

फुल-स्पीडचा कोड उचलला की बल्क एंडपॉइंटच्या (डेटा ये-जा करण्याच्या टोकाच्या) पॅकेटचा आकार ६४ बाइटच राहतो. हाय-स्पीडमध्ये तो ५१२ च लागतो. लिनक्स 'इनव्हॅलिड मॅक्सपॅकेट ६४' असं सरळ सांगतो. इंटरप्ट एंडपॉइंटच्या इंटरव्हलचं गणितही बदलतं: १२५ मायक्रोसेकंद गुणिले २ चा (किंमत वजा १) घात. फुल-स्पीडमध्ये १० म्हणजे १० मिलिसेकंद, तेच १० इथे ६४ मिलिसेकंद होतात. शिवाय पाठवलेला डेटा ५१२ च्या नेमक्या पटीत असेल आणि होस्ट त्याहून जास्त मागून बसला असेल, तर शेवटी शून्य लांबीचं पॅकेट पाठवा, नाहीतर होस्ट वाट पाहत राहील. एसटीएम३२ मध्ये फिफोचे (यूएसबीच्या तात्पुरत्या साठ्याचे) आकार बाइटमध्ये नसून ३२ बिटांच्या शब्दांत द्यायचे असतात. एफ४०७ च्या ओटीजी-एचएसला एकूण १०२४ शब्द मिळतात.

कॉर्टेक्स-एम७ चा डेटा कॅश

डिव्हाइस ४८० वर आलं, एरर एकही नाही, तरी आलेख मधेच जुने नमुने दाखवतो. ही चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण डीबगरमध्ये बफर बरोबर दिसू शकतो. सीपीयूने लिहिलेलं कॅशमध्ये (सीपीयूजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत) असतं आणि डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारा भाग) रॅममधून जुनं उचलतो. पाठवण्याआधी कॅश 'क्लीन' करा (त्यातलं रॅममध्ये उतरवा), डेटा आल्यावर वाचण्याआधी 'इनव्हॅलिडेट' करा (कॅशमधली जुनी प्रत टाकून द्या). बफर ३२ बाइटच्या सीमेवर आणि ३२ च्या पटीतच ठेवा; तसं नसेल तर इनव्हॅलिडेट करताना शेजारचं व्हेरिएबलही पुसलं जातं. एमपीयूने (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणाऱ्या युनिटने) तेवढा भाग नॉन-कॅशेबल करणं जास्त सोपं. एच७ वर बफर डीटीसीएममध्ये (सीपीयूला थेट जोडलेल्या रॅममध्ये) ठेवू नका, यूएसबीचा डीएमए तिथे पोचतच नाही.

वेग कमी वाटतोय? आधी कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बघा. ६४-६४ बाइट वाचणारा लूप ४८० ला काय न्याय देणार! एका वेळी १६ किलोबाइट मागा, अशा तीन-चार विनंत्या रांगेत ठेवा. बोर्डावर दोन बफर आलटून-पालटून वापरा.

आयसोलेटर

जिनिंगच्या पॅनलजवळ अर्थिंगचा भरवसा नसतो, तेव्हा लॅपटॉप आणि बोर्डामध्ये आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) हवाच. पण बाजारातली स्वस्त मॉड्यूलं बहुधा एडीयूएम३१६० वर बनलेली असतात आणि ती १२ मेगाबिटच्या पुढे जात नाहीत. चर्प त्यातून पार होत नाही. ४८० साठी एडीयूएम४१६५ सारखा भाग लागतो, तो महाग आहे. तेवढं बजेट नसेल तर नमुने बोर्डावरच्या एसडी कार्डात साठवा, आणि मोटर बंद झाल्यावर, पॅनलच्या तारा काढून मग यूएसबीने उतरवून घ्या.