गाडी पाणी खाते तेव्हा : ट्रकच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा कोर्स करून आलेल्या पोराला वर्कशॉपमध्ये सुरुवातीलाच कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, गळती शोधायला बसवतात. काम हलकं समजून देतात. मला ते हलकं वाटत नाही. इंजिनातला पाण्याचा रस्ता ज्याला तोंडपाठ झाला, त्याला निम्मं इंजिन कळलं. मी इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात हेच काम करत आलोय आणि हाताखालच्या मुलांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आपल्याकडच्या मराठी घरांत मुलगा इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात चिकटावा अशीच इच्छा असते. त्यात वावगं काही नाही. पण कारखान्यात नवी गाडी दिसते, बिघडलेली दिसते ती इथे. जमलं तर आधी वर्ष-दोन वर्षं इथे काढा.

गाडी आली की पाना उचलण्याआधी ड्रायव्हरशी बोला. "उस्ताद, पानी खा रही है", म्हणजे कूलंट कमी होतंय, एवढंच तो सांगेल. पुढचं आपण विचारायचं. रात्री उभ्या गाडीखाली ओल दिसते, की भरलेली गाडी चढणीला लागली की पातळी उतरते? नाशिक-धुळ्याकडून येणारी गाडी सेंधव्याआधी बिजासनचा घाट चढते आणि नर्मदा ओलांडल्यावर मानपूरपर्यंत पुन्हा चढते. सपाटीला ठीक आणि मानपूरच्या चढाला गरम, असं म्हणाला तर जाळी (रेडिएटर) चोक आहे का किंवा कुठून हवा पाण्यात शिरतेय का ते पाहा. सकाळी ओल पण चालत्या गाडीत काही नाही, असं असेल तर होजच्या (रबरी नळ्यांच्या) क्लिपा तपासा. थंडीत रबर आकसतं आणि पाणी पाझरतं, इंजिन तापलं की तीच जागा बंद होते.

गरम इंजिनाच्या कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका, ड्रायव्हरने कितीही घाई केली तरी. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं. झाकणाने १ बारचा दाब धरला की ते १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि आतलं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. म्हणूनच झाकण हा नुसता बूच नव्हे, तो दाब धरणारा वॉल्व्ह आहे. त्याचं रबर गेलं तर कुठेही न फुटता पाणी कमी होत राहतं. सगळ्यात स्वस्त भाग तोच, आणि लोक सगळ्यात शेवटी तोच पाहतात.

खाली पडलेला थेंब गळतीची जागा सांगत नाही. पाणी चेसिसवरून, वायरिंगवरून, पंख्याच्या वाऱ्याने कुठल्या कुठे जातं. केबिन उचला, लॉक बसल्याची खात्री करा आणि टॉर्च घेऊन वाळलेला डाग वर वर शोधत जा. हिरवट किंवा गुलाबी खपली म्हणजे कूलंट. पांढरे, मिठासारखे खडे सायलेन्सरच्या बाजूला दिसले तर तो डीईएफमधला (धूर साफ करायला वापरतात त्या द्रवातला) युरिया, त्याचा कूलंटशी संबंध नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, त्यामुळे एसीचं स्वच्छ पाणीही आता खाली दिसणार. बोटावर घ्या, रंग आणि चिकटपणा पाहा, चव घेऊ नका. कूलंट विषारी असतं. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) पोटाला एक बारीक भोक असतं. तिथून कूलंटची धार लागली किंवा ओघळ वाळलेला दिसला तर आतलं सील गेलंय. ते भोक एम-सीलने बुजवणारे मी पाहिलेत. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि वॉटर बॉडी जाम होते.

डोळ्यांना सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा. इंजिन थंड, झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब, आणि १५ मिनिटं काट्यावर नजर. काटा उतरला पण बाहेर काही नाही, तर पाणी आत जातंय : डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ तेल आहे का, ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) असलेल्या इंजिनात सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, ते पाहा.

एक गाडी मात्र सविस्तर सांगायलाच हवी. कूलंटच्या टाकीत बुडबुडे, कूलंट बाहेर फेकलं जातंय, आणि आधीच्या गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलंय म्हणून हेड खोलायचा खर्च सांगितलेला. मालक रडकुंडीला आलेला. आम्ही थंड इंजिन झाकण काढून चालू केलं आणि एकाला टाकीशी, एकाला ब्रेकच्या हवेच्या मीटरशी उभं केलं. हवा भरत असताना बुडबुडे येत होते. हवेच्या टाक्या भरल्या, ड्रायरने (हवेतली ओल काढणाऱ्या भागाने) 'फुस्स' केलं, आणि बुडबुडे थांबले. मग ब्रेकचं पॅडल चार-पाच वेळा दाबलं. काटा उतरला, कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरायला लागला, आणि कूलंटची टाकी पुन्हा बुडबुडायला लागली. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच कूलंटने थंड होतो. त्याच्या छोट्या हेडचं गॅस्केट गेलं की दाबाची हवा पाण्यात घुसते. इंजिनाच्या हेडला हवेच्या मीटरशी काही देणंघेणं नसतं. खात्रीसाठी कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून रस्ता थोडा वेळ बंद केला, तर बुडबुडे गायब. कॉम्प्रेसरचंच काम केलं, इंजिनाला हातही लावला नाही.

हळदीबद्दलही सांगतो. रस्त्यात जाळी गळायला लागली की ड्रायव्हर हळद टाकतात आणि गळती थांबतेही. त्याला घरी पोचायचंय, त्याला दोष देऊ नका. पण ती हळद जाळीच्या बारीक नळ्यांत आणि थर्मोस्टॅटवर बसते, म्हणून अशा गाडीत आधी पूर्ण फ्लश करा. बोअरचं जड पाणीही टाकू देऊ नका, त्याचा खार आत जमतो. दोन वेगळ्या जातींची कूलंटं मिसळू नका, काही मिश्रणांचा चिकट गाळ होतो.

भरताना हळूहळू भरा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून सलग धार येईपर्यंत सैल ठेवा. हवा अडकली तर तापमानाचा मीटर खोटं दाखवतो आणि हेड तापतं. काढलेलं कूलंट उघड्या परातीत ठेवू नका. गोड लागतं म्हणून कुत्री पितात आणि मरतात.

गाडी तापवून, चालवून आणा आणि रात्रभर उभी ठेवा. सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहा, नव्या होजच्या क्लिपा एकदा कसा, आणि मगच जॉब कार्डवर सही करा.